न दिसणारी ठिणगी

नवघरच्या एखाद्या गाळ्यांत दुरुस्तीचें काम करणाऱ्या कारागिराकडे एक यंत्र येतें. त्याचा बोर्ड उघडला जातो, बिघडलेली चिप काढून तिच्या जागीं नवी बसविली जाते, यंत्र सुरू होतें आणि गिऱ्हाईक समाधानानें पैसे देऊन घरीं जातें. तीन आठवड्यांनीं तेंच यंत्र पुन्हा त्याच टेबलावर येतें. चिप तीच, दोषहि तोच. गिऱ्हाइकास वाटतें, कारागिरानें वापरलेलाच माल घातला. कारागिरास वाटतें, लॅमिंग्टन रोडवरील दुकानदारानें खोटा माल दिला. दुकानदार म्हणतो, माल सीलबंद होता, बसविणाऱ्याचाच हात कच्चा असला पाहिजे. तिघांपैकीं एकहि लबाड नाहीं असें असूं शकतें, आणि तरीहि तिघांचा परस्परांवरील विश्वास उडतो. कारण ज्यानें हें नुकसान केलें तो चौथा असामी कोणास दिसला नाहीं, त्याचा आवाज कोणाच्या कानीं पडला नाहीं व त्याचा स्पर्श कोणाच्या बोटास जाणवला नाहीं. हा चौथा असामी म्हणजे माणसाच्या अंगावर सांचणारी स्थिर वीज होय.

ही वीज कांहीं नवी नव्हे. पिंवळसर, पारदर्शक अशा एका जीवाश्म राळेस मराठींत तृणमणि असें नांव आहे. हा मणि लोंकरीवर घांसला म्हणजे तो गवताचे बारीक तुकडे आपणांकडे ओढून घेतो, म्हणून तो तृणमणि. ग्रीक लोक ह्याच मण्यास ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि पाश्चात्त्य भाषांत विजेस मिळालेलें नांव त्यावरूनच आलें आहे. म्हणजे आज ज्या विद्येस इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात, तिच्या नांवांतच ह्या घर्षणाच्या विजेची आठवण दडलेली आहे. शाळेंतील मुलें प्लॅस्टिकची फणी कोरड्या केंसांवरून फिरवून कागदाचे कपटे उचलतात. थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी किंवा लोंकरी बनियन अंगावेगळें करतांना बारीक तडतड ऐकूं येते. अंधारांत पाहिलें तर इवल्याशा ठिणग्याहि दिसतात. हा सारा एकाच शक्तीचा खेळ आहे.

त्याचें कारण थोडक्यांत असें. दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस चिकटून मग अलग झाले, कीं एकाच्या पृष्ठभागावरील कांहीं इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जाऊन बसतात. ज्यानें ते गमावले त्यावर धन विद्युद्भार येतो, ज्यानें ते मिळविले त्यावर ऋण. घांसल्यामुळें दोन्ही पदार्थांचा स्पर्श अधिक जागीं होतो एवढेंच. खरें कारण स्पर्श व वियोग हें होय. माणसाची त्वचा, केंस, कांच व नायलॉन हे सहसा इलेक्ट्रॉन देणारे. पॉलिथीन व टेफ्लॉन हे घेणारे. धातूवर आलेला भार जमिनीस जाण्याची वाट मिळतांच निघून जातो. प्लॅस्टिक किंवा रबर ह्यांवर आलेला भार मात्र जेथल्या तेथें अडकून राहतो.

मनुष्यदेहाची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. देह स्वतः विजेचा वाहक आहे; परंतु पायांत रबरी चपला असल्या म्हणजे जमिनीशीं त्याचा संबंध तुटतो. मग प्रत्येक पावलागणिक चप्पल फरशीस टेकते व सुटते, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठतांना कपडा खुर्चीपासून अलग होतो, आणि देहावर थोडाथोडा भार सांचत जातो. १७४५-४६ च्या सुमारास युरोपांत लायडेनची बरणी नांवाचें वीज सांठविण्याचें पहिलें साधन निघालें. चालतां बोलतां माणूस हा अशीच एक बरणी असतो. तिची सांठवण फार लहान असते. हिशेबाकरितां ती १०० पिकोफॅरड धरण्याचा शास्त्रज्ञांचा प्रघात आहे. परंतु बरणी लहान असल्यामुळेंच थोडक्या भारानें तिच्यांतील विजेचा दाब भराभर चढतो. अरुंद तोंडाच्या भांड्यांत तांब्याभर पाण्यानेंहि पातळी वर येते, त्यांतलाच हा प्रकार.

हा दाब किती चढतो, ह्याचीं मोजमापें झालेलीं आहेत. हवेंतील आर्द्रता १० ते २० टक्के असतां गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब येऊं शकतो; व्हायनिलच्या फरशीवर १२,००० पर्यंत; नुसतें टेबलाशीं बसून काम करणाऱ्याच्या अंगावर ६,००० पर्यंत. घरांतील बटणाच्या वायरींत २३० व्होल्ट असतात हें जाणणाऱ्यास हे आंकडे अविश्वसनीय वाटतील. परंतु येथें दाब प्रचंड असला तरी वीज अत्यल्प असते. ३,००० व्होल्ट दाबाच्या देहांत सांठलेली शक्ति एका ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनहि कमी भरते, आणि तीहि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत संपते. म्हणूनच माणूस दचकतो, मरत नाहीं.

आतां ह्या प्रकरणांतील मर्माची गोष्ट अशी, कीं माणसाच्या बोटास हा झटका जाणवण्यास सुमारें ३,००० व्होल्ट दाब लागतो. ठिणगी कानांस ऐकूं येण्यास सुमारें ५,००० व डोळ्यांस दिसण्यास त्याहूनहि अधिक दाब हवा. ह्याच्या खालीं जें घडतें त्याची माणसास खबरच नसते. आणि आधुनिक यंत्रांतील कित्येक घटक मरतात ते ह्या ३,००० च्या पुष्कळच खालीं. कांहीं १,००० व्होल्टला, कांहीं २५० ला, तर कांहीं १०० च्याहि आंत. कारागीर शपथेवर सांगतो, कीं कसलीहि ठिणगी पडली नाहीं. आणि तो खरेंच बोलत असतो.

जुन्या यंत्रांना हें भय नव्हतें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, त्या काळच्या रेडिओंत कांचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हच्या आंत निर्वात पोकळी व धातूच्या जाळ्या. त्यांजवर बोटाची ठिणगी पडली तरी त्यांचें कांहीं बिघडत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला व १९६० सालीं कामास लागलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक तर सुमारें २,७०० व्हॉल्व्हांवर चालत असे. ते तापत, जळत, बदलावे लागत. पण माणसाच्या स्पर्शास भीत नसत. जमिनींत गाडलेल्या रांजणास हात लागला म्हणून तो फुटत नाहीं, तशी ती यंत्रें होतीं.

१९५९-६० मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मोहम्मद अताल्ला व डावॉन कांग ह्या दोघांनीं एक नवा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. आज मॉस ह्या नांवानें तो ओळखला जातो, आणि घड्याळापासून मोबाइलपर्यंत बहुतेक सर्व यंत्रें त्याच्याच वंशजांवर चालतात. ह्या ट्रान्झिस्टरचें दार एका धातूच्या किंवा सिलिकॉनच्या पट्टीनें उघडमीट होतें, आणि ती पट्टी व खालचा मार्ग ह्यांच्यामध्यें सिलिकॉन डायऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो. हें द्रव्य वाळूंत असतें तेंच. तें उत्तम विद्युत्‌रोधक आहे. पण रोधाला मर्यादा असते. एक नॅनोमीटर जाडीचा थर साधारण एक व्होल्टपर्यंत तग धरतो. जुन्या घटकांतील थर सुमारें १०० नॅनोमीटरचा, म्हणजे डोक्याच्या केंसाच्या जाडीचा सुमारें आठशेवा भाग. त्यास सुमारें १०० व्होल्ट पुरे. पुढील काळांत थर अधिकाधिक पातळ होत जाऊन कांहीं थोड्या नॅनोमीटरांवर आले. यंत्र जितकें चपळ व लहान, तितकें तें नाजूक, असा हा व्यवहार आहे.

चिप बनविणारे ह्याविषयीं उदासीन नाहींत. चिपच्या प्रत्येक पायाशीं ते आंतल्या आंत लहान संरक्षक डायोड बसवितात. दाब वाढला म्हणजे हे डायोड त्यास आडमार्गानें वळवून देतात. धरणाच्या सांडव्यासारखें त्यांचें काम. पण महापूर आला तर सांडवाहि वाहून जातो. शिवाय फार जलद किंवा फार सूक्ष्म संदेश हाताळणाऱ्या घटकांस मोठा सांडवा ठेवतांच येत नाहीं, कारण त्यानें मूळ कामांतच अडथळा येतो. तेव्हां संरक्षण आंत आहे म्हणून बाहेर बेफिकीर राहणें योग्य नव्हे.

ठिणगीनें घटक जागच्या जागीं मेला तर तें नुकसान सोसण्याजोगें. तो बाजूस टाकून दुसरा बसवितां येतो. वाईट प्रकार तो अर्धमेल्या घटकाचा. कधीं कधीं थरास आरपार भोंक न पडतां तो एखाद्या जागीं नुसता दुखावतो, किंवा आंतील बारीक तार वितळून अर्धी उरते. असा घटक तपासणींत पास होतो, यंत्र चालूं लागतें, आणि मग रोजच्या उष्णतेनें व प्रवाहानें ती जखम चिघळत जाऊन एखाद्या दिवशीं यंत्र बंद पडतें. आरंभीं सांगितलेल्या तंट्याचें मूळ पुष्कळदां येथें असतें. तें यंत्र घरांतील करमणुकीचें असलें तर केवळ चरफड होते. पण तें आजाऱ्याच्या उशाशीं ठेवलेलें प्राणवायु मोजण्याचें यंत्र किंवा वृद्धाच्या कानांतील श्रवणयंत्र असलें, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाहीं.

येथें नवघरचा रहिवासी साहजिकच एक शंका काढील. नवघर हें भाईंदर पूर्वेस, आतांच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आसमंतांत मिठागरें. अशा दमट जागीं घर्षणाची वीज कशी टिकावी? शंका निम्मी खरी आहे. दमट हवेंत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अत्यंत पातळ पापुद्रा बसतो व त्यावरून भार हळूहळू निसटून जातो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असतां गालिच्यावरून चालणाऱ्याच्या अंगावरील तोच ३५,००० व्होल्टचा दाब १,५०० वर उतरतो, आणि टेबलाशीं बसलेल्याचा ६,००० चा १०० वर येतो. श्रावणांतल्या मुंबईंत फणीनें कागद उचलले जात नाहींत तें ह्यामुळेंच.

परंतु शंकेचा दुसरा निम्मा भाग खोटा आहे. एक तर उरलेले १,५०० व्होल्टहि बोटास न जाणवणारे व चिपला मारक असेच आहेत. दुसरें, पौषापासून फाल्गुनापर्यंत किनाऱ्यावरहि जमिनीवरचा कोरडा वारा वाहतो, आणि मुंबईच्या दुपारीं आर्द्रता कित्येकदां ४० टक्क्यांच्या खालीं जाते. विदर्भांत तर वैशाखांतल्या दुपारीं ती २० टक्क्यांच्या आसपास असते. नागपूरच्या कारागिरास कोंकणच्या कारागिराहून अधिक जपावें लागतें. आणि तिसरें, नाजूक काम पुष्कळदां वातानुकूलित खोलींत चालतें. त्या यंत्राच्या बाहेरील नळींतून जें पाणी सारखें ठिबकत असतें, तें खोलींतल्या हवेंतूनच काढलेलें असतें. बाहेर भरतीचा वारा वाहत असला तरी आंतली हवा तशीच दमट असेल असें समजतां येत नाहीं.

मग हवा मुद्दाम ओली करावी काय? तर तसेंहि नाहीं. खाडीकांठच्या हवेंत मिठाचा अंश असतो. ओलावा वाढला कीं बोर्डावरील तांबें हिरवें पडतें व टांके गंजतात. म्हणून ४० ते ६० टक्के आर्द्रता ही मध्यम वाट समजली जाते. पण केवळ हवेवर विसंबून हें संकट टळत नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

हें नुकसान तीन वाटांनीं होतें. पहिली वाट उघड आहे: भारलेला माणूस घटकास स्पर्श करतो. दुसरी वाट उलटी आहे. चिप प्लॅस्टिकच्या नळींतून घसरतांना ती स्वतःच भारली जाते, आणि मग धातूच्या टेबलास तिचा पाय टेकतांच तिच्यांतील वीज एकदम बाहेर पडते. माणसाचा येथें संबंधहि येत नाहीं. तिसरी वाट सर्वांत फसवी. टेबलावर थर्मोकोलचा चहाचा पेला किंवा चुरगळलेली पॉलिथीनची पिशवी पडलेली असते. तिच्यावरील भार दुरूनच शेजारच्या बोर्डांतील वीज इकडची तिकडे ढकलतो, आणि त्याच क्षणीं कोणीं बोर्डास हात लावला म्हणजे स्पर्श न झालेल्या पेल्यानें चिप मरते.

उपाय समजण्याकरितां दोन हौदांची कल्पना करावी. दोन हौदांतील पाण्याची पातळी सारखी असेल, तर मधला पडदा काढला तरी पाणी धांवत नाहीं. पातळींत अंतर असेल तर पडदा काढतांच लोंढा येतो. म्हणून कारागीर, टेबल, हत्यार व घटक ह्या सर्वांना एकाच पातळीवर आणणें हें पहिलें तत्त्व. आणि जी वीज काढून टाकावयाची ती लोंढ्यानें न काढतां बारीक तोटीनें काढणें हें दुसरें.

हीं दोन्ही तत्त्वें मनगटपट्ट्यांत एकत्र आलेलीं आहेत. हा पट्टा मनगटाच्या उघड्या त्वचेवर घट्ट बांधतात, बाहीवरून नव्हे. त्याची तार जमिनीस, म्हणजे अर्थिंगला जोडलेली असते, आणि त्या तारेंत १० लक्ष ओहमचा, म्हणजे एक मेगओहमचा रोध बसविलेला असतो. त्या रोधामुळें दोन कामें होतात. अंगावरील वीज एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आंतच, पण ठिणगी न पडतां, जमिनींत निघून जाते. आणि चुकून हात २३० व्होल्टच्या तारेस लागलाच, तर देहांतून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या हजाराव्या भागाच्या चौथाईहूनहि कमी राहतो. कोणी रोध गाळून साधी तांब्याची तार मनगटास बांधील व ती जमिनीस जोडील, तर त्यानें चिप वांचेल. परंतु तारेंत वीज असतां तिला स्पर्श झाला तर माणूस वांचेलच असें नाहीं. ही गोष्ट घरोघर मुलांना बजावून सांगण्यासारखी आहे.

ह्याच कारणानें, चालू यंत्रावर, म्हणजे ज्यांत विजेचा पुरवठा आहे अशावर काम करतांना पट्टा काढून ठेवावा. जुन्या दूरदर्शन संचांत, मायक्रोवेव्ह भट्टींत किंवा पॉवर सप्लायमध्यें प्लग काढल्यावरहि घातक वीज सांठलेली असते. तेथें माहितगारावांचून हात घालूं नये. अर्थिंग म्हणून तीन छिद्रांच्या सॉकेटमधील वरच्या छिद्राचा उपयोग करतात. पण तें खरोखर जमिनीस पोंचलें आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून तपासून घ्यावें. सुटी तार सॉकेटांत स्वतः खुपसणें हा तर आत्मघातच होय. बाजारांत तार नसलेले बिनतारी मनगटपट्टेहि मिळतात. विजेस जमिनींत जाण्याची वाटच त्यांत नसते, तेव्हां त्यांजवर पैसे दवडूं नयेत.

टेबलावर एक विशिष्ट चटई अंथरतात. ती धातूइतकी वाहक नसते व प्लॅस्टिकइतकी रोधकहि नसते. तिच्यावर ठेवलेल्या वस्तूची वीज सावकाश निघून जाते. चटई व पट्टा हीं एकाच अर्थिंगला जोडावींत, म्हणजे दोहोंची पातळी एक राहते. सोल्डरिंग करण्याचें हत्यार तीन पिनांचें व अर्थिंग असलेलें घ्यावें. पट्टा रोज कामास आरंभ करण्यापूर्वीं मीटरनें तपासावा; कारण त्याची तार आंतून तुटली तरी बाहेरून तो साबूतच दिसतो, आणि मग कारागीर खोट्या भरंवशावर काम करीत राहतो.

परंतु एक गोष्ट पट्ट्यानें किंवा चटईनें होत नाहीं. प्लॅस्टिक, थर्मोकोल, पॉलिएस्टर ह्या रोधक वस्तूंवरील भार त्यांना अर्थिंग जोडून निघत नाहीं. तो आपल्या जागेवरून हलतच नाहीं. ह्यावर सोपा उपाय एकच, तो म्हणजे त्यांना दूर ठेवणें. चहाचा पेला, खाऊची पिशवी, सेलोटेपचें भेंडोळें व प्लॅस्टिकची फाइल हीं निदान ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट लांब असावींत. सेलोटेप ओढून काढतांना तर हजारों व्होल्टचा दाब निर्माण होतो. जेथें रोधक वस्तु टाळतांच येत नाहींत, तेथें मोठ्या कारखान्यांत आयनकारी पंखा लावतात. तो धन व ऋण असे दोन्ही प्रकारचे भारित कण हवेंत सोडतो आणि वस्तूवरील भार त्यांनीं फिटतो.

घटक ज्या पिशव्यांतून येतात त्यांचाहि अर्थ जाणून घ्यावा. गुलाबी पिशवी स्वतः भार निर्माण करीत नाहीं, परंतु बाहेरून येणाऱ्या ठिणगीस अडवीतहि नाहीं. राखी, चकचकीत पिशवींत धातूचा पातळ थर असतो, आणि तीच खरी ढाल होय. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे ह्यानें १८३६ सालीं धातूच्या पिंजऱ्यांत बसून दाखविलें, कीं बाहेर कितीहि वीज खेळली तरी आंत तिचा शिरकाव होत नाहीं. राखी पिशवी हा त्याच पिंजऱ्याचा घडीचा अवतार आहे. मात्र तिचें तोंड मिटलेलें हवें व तिला भोंकें नसावींत. तिच्यावर बोर्ड ठेवून तो चालू करण्याची कित्येकांस संवय असते, ती धोक्याची. पिशवींत धातूचा थर असल्यामुळें बोर्डावरील टांके एकमेकांस जोडले जाण्याचा संभव असतो.

नवघरचा कारागीर माल आणावयास बहुधा ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाच्या बाजारांत जातो. तेथें सुट्या चिप मोजून साध्या पॉलिथीनच्या पुडींत किंवा पांढऱ्या थर्मोकोलच्या तुकड्यांत खोंचून दिल्या जाण्याचा संभव असतो. आणि ती पुडी पॉलिएस्टरच्या सदऱ्याच्या खिशांतून लोकलच्या गर्दींत चेंगरत भाईंदरपर्यंत येते. घटकाचा घात करण्यास ह्याहून सोयीचा प्रवास दुसरा नसेल. खरेदीस जातांना एखादी जुनी पण धड अशी राखी पिशवी व काळ्या वाहक स्पंजाचा तुकडा जवळ ठेवावा. चिपचे सर्व पाय त्या स्पंजांत रोवले म्हणजे ते एकमेकांशीं जोडले जाऊन एकाच पातळीवर राहतात. भाईंदरांत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तेथला झांकणाचा साधा डबा हासुद्धां फॅरडेचा पिंजराच होय. पिशवींतली चिप त्यांत ठेवून आणली तर अधिक उत्तम. उघडी चिप मात्र नुसत्या डब्यांत टाकूं नये. ती धातूवर आदळतांच वर सांगितलेली दुसरी वाट मोकळी होते.

ज्यांच्या घरीं संगणक आहे आणि ज्यांना त्याची रॅम किंवा दुसरें कार्ड स्वतः बदलावयाचें आहे, त्यांना येवढें पुरे. गालिचा व प्लॅस्टिकची खुर्ची टाळावी, अंगांत सुती कपडे असावेत. प्लग काढावा व मग चालू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून आंतली उरलेली वीज घालवावी. पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस हात लावावा व काम चालू असेपर्यंत एक हात किंवा कोपर तेथें टेकलेलें ठेवावें. त्यानें माणूस व यंत्र एका पातळीवर राहतात. जागेवरून उठून पुन्हा आल्यास पुन्हा प्रथम धातूस स्पर्श करावा. कार्ड नेहमीं कडांनीं धरावें, सोनेरी पट्ट्यांस बोट लावूं नये. आणि नवें कार्ड बसविण्याचा क्षण येईपर्यंत त्याची पिशवी उघडूं नये.

मोठ्या कारखान्यांतून ही शिस्त आतां रूढ झाली आहे. अंधेरीस १९७३ सालीं निर्यातीकरितां ‘सीप्झ’ हें इलेक्ट्रॉनिक्सचें क्षेत्र उभें राहिलें. अशा ठिकाणच्या परदेशी गिऱ्हाइकांची पहिली अपेक्षा चोख मालाची असते. म्हणून असल्या उद्योगांत नाजूक कामाची जागाच निराळी राखतात, तेथें विशिष्ट पादत्राणें व अंगरखे घालून शिरावें लागतें, आणि दारावर पिंवळ्या पाटीवर एक काळा त्रिकोण व त्यांत आडवी रेघ मारलेला हात काढलेला असतो. हा हात म्हणजे ‘स्पर्श करूं नये’ असें सांगणारी जगभर समजणारी खूण. ती चिपच्या वेष्टनावरहि छापलेली असते. परंतु वेष्टन फाडण्याच्या घाईंत ती वाचतो कोण?

लहान गाळ्यांत असली स्वतंत्र जागा व अंगरखे कोठून आणावे, असें कोणी म्हणेल. परंतु पट्टा, चटई व चांगलें अर्थिंग ह्यांचा खर्च अर्धमेल्या चिपपायीं पुन्हापुन्हा फुकट कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीच्या मानानें थोडा आहे. जास्त लागते ती संवय. शिकाऊ मुलानें हात धुवून, पट्टा बांधून मगच टेबलाशीं बसावें, हा नियम जो मालक स्वतः पाळतो त्याच्याच गाळ्यांत तो चालतो. मालक घाईंत पट्टा न बांधतां चिप उचलूं लागला, कीं चार दिवसांत सर्व मुलें तेंच करूं लागतात. कारण बंधन मोडल्याची शिक्षा त्या दिवशीं दिसत नाहीं. रस्त्यांतला खड्डा डोळ्यांस दिसतो म्हणून तो चुकवितां येतो. येथें चुकीची खूण उमटते ती तीन आठवड्यांनीं, आणि तीहि दुसऱ्याच्या घरीं.

म्हणून परत आलेल्या यंत्राची कथा पुन्हा एकदां पाहण्यासारखी आहे. गिऱ्हाइकानें कारागिरास लबाड म्हणण्यापूर्वीं त्याचें टेबल एकवार पाहावें. कारागिरानें दुकानदारास दोष देण्यापूर्वीं आपल्या मनगटाकडे पाहावें. दुकानदारानें पुडी बांधतांना आपल्या हातांतलें प्लॅस्टिक पाहावें. तिघांनीं येवढें केलें, तर पुष्कळ चिप वांचतील; आणि चिपहून महाग असा जो परस्परांवरील विश्वास, तोहि न दिसणाऱ्या ठिणगीपायीं विनाकारण जळणार नाहीं.